ग्रेनाडाचा मुखवटा

१

तनया फोनवर आधी ‘जेवलात का’ असं विचारते आणि मग मुद्द्यावर येते. त्या मंगळवारी तिने काहीच विचारलं नाही. “जर्ट्रूड आंटी, लगेच या. आई गॅरेजमध्ये आहेत,” एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

आमच्या दोघींच्या घरांच्या मध्ये एकच घर आहे. पायात होत्या त्या सपातांनिशी मी तशीच निघाले. मेलबर्नच्या ह्या ग्लेन वेव्हर्लीत जून म्हणजे हिवाळा, पाच वाजले की काळोख पडायला लागतो, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळे आपापल्या गाड्यांतून येतात आणि गाडीसकट घरात शिरतात. शेजारी मेला तरी शटर वाजेनासं झालं तरच कळायचं.

गॅरेजचं शटर तनयाने नुकतंच वर केलं होतं. आत दिवा नव्हता. ती भिंतीला टेकून उभी होती आणि बोटाने नुसतं गाडीकडे दाखवत होती.

ड्रायव्हरच्या सीटवर मुखवटा होता. लांबट काळा चेहरा, डोळ्यांच्या जागी भोकं, अर्धवट उघडं तोंड. सीटला टेकून तो समोर बघत होता, गाडी सुरू करायच्या बेतात असल्यासारखा. शेजारच्या सीटवर पद्माताई बसल्या होत्या. पट्टा लावलेला, अंगावर ठेवणीतली साडी, खांद्यावर शाल, मांडीवर पर्स. उजव्या मुठीत गाडीची किल्ली.

पद्माताई म्हणजे तनयाच्या सासूबाई. माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या, पण संध्याकाळच्या फिरण्यातली माझी एकुलती एक मैत्रीण.

मी काचेवर टकटक केलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या, पण आधी शेजारच्या सीटकडे बघून, परवानगी घेतल्यासारखं. मग दार उघडलं.

“हे म्हणाले, चल, उशीर होतोय,” त्या म्हणाल्या. “तयार होऊन बसले बघ. किल्ली तेवढी द्यायची राहिली.”

हे म्हणजे विश्रामराव. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

बंद शटर, बंद गॅरेज, आणि हातात किल्ली. इंजिन सुरू होऊन धूर कोंडला असता तर तनयाला काय दिसलं असतं, ते मनात आलंच. मी किल्ली काढून घेतली. त्यांचा हात तापल्यासारखा गरम होता, चेहरा लालबुंद. ओठांना भेगा पडल्या होत्या आणि जीभ टाळूला चिकटत होती.

“पाणी दे ग आधी,” त्या म्हणाल्या. “घशाला नुसती कोरड पडलीय.”

पाणी पाजून मी विचारलं, “ताई, मुखवटा इथे कशाला आणलात?”

मुखवटा जिन्याच्या भिंतीवर उंच टांगलेला असायचा. नचिकेतने, म्हणजे त्यांच्या मुलाने, शिडी लावून तो टांगला होता. पद्माताईंचा खांदा आखडलेला, त्यांना दोरीवर रुमाल वाळत घालता येत नाही.

“मी नाही काढला, जर्ट्रूड,” त्या हळूच म्हणाल्या. “तो आपोआप खाली उतरून आला.”

२

मी वसईची जर्ट्रूड तुस्कानो. मेलबर्नमध्ये रिटायर होईपर्यंत मी एका विमा कंपनीत क्लेम तपासायचं काम केलं. लोकांची दुकानं आपोआप पेटतात, दागिने आपोआप हरवतात, गाड्या आपोआप झाडावर आदळतात. तेव्हा आपोआप हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. भुताखेतांना मी घाबरत नाही असं नाही. पण भूत आलं तरी आधी मी त्याला दोन प्रश्न विचारीन.

नचिकेत आणि तनया फेब्रुवारीत कॅरिबियन क्रूझवर गेले होते, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. नचिकेत इंजिनियर, तनया युनिव्हर्सिटीत शिकवते. मुलगा विहानही युनिला सुट्टी होती म्हणून बरोबर गेला. पद्माताईंनी ‘मला बोट लागते’ म्हणून नकार दिला आणि त्या माझ्याकडे राहिल्या. मंडळी परतली ती बॅगा फुटतील इतकं सामान घेऊन. रमचा केक, जीभ भाजणारा सॉस, कोकोचे गोळे, जायफळं, गवताच्या टोपल्या, आणि हा मुखवटा. आल्यावर महिनाभर तनयाच्या तोंडी एकच शब्द होता: अस्सल.

एप्रिलपासून पद्माताईंना काहीबाही दिसायला लागलं. कधी जिन्यावर कोणीतरी उभं. कधी मुखवट्याचे ओठ हललेले. बहुतेक संध्याकाळीच. सकाळी उशिरापर्यंत गुंगीत पडून राहायच्या, आणि दिवस कलला की डोळे मोठे करून कोपऱ्यात बघत बसायच्या. डॉक्टरने रक्त तपासलं, लघवी तपासली, डोक्याचा स्कॅन काढला. वयाच्या मानाने सगळं ठीक निघालं. औषधं कोणती चालू आहेत विचारलं, तर ब्लडप्रेशरची एक गोळी.

“दोन आठवड्यांनी शुक्रवारी स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट आहे,” गॅरेजच्या प्रकारानंतर नचिकेत मला म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “ती हो म्हणाली की स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मेमरी केअर होममध्ये रूम रिकामी आहे. आंटी, आम्ही तिघं दिवसभर बाहेर. आज तनया अर्धा तास उशिरा आली असती तर?”

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती.

पद्माताईंनी आतून ते ऐकलं असावं. मी निघताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “जर्ट्रूड, मला तिथे पाठवू देऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “काय वाटेल ते कर. पण तिथे नको.”

मुखवटा मी टॉवेलात गुंडाळून माझ्या घरी नेला आणि वॉशिंग मशीनच्या मागे ठेवला. म्हटलं, बघू आता कोण कुठे आपोआप जातं ते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या खोलीत जाऊन बसले. बाहेर उजेड विझत आला होता, छपरावर पोसम, इथला मांजराएवढा निशाचर प्राणी, खुडबुडत होता. पद्माताई माझ्याशी भाजीबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर दाराकडे गेली, आणि मग दारापासून खिडकीपर्यंत सावकाश सरकत गेली. कोणीतरी खोली ओलांडून चालत जावं आणि आपण त्याच्याकडे बघत राहावं, तशी.

“बसा ना,” त्या माझ्या शेजारच्या खुर्चीला म्हणाल्या.

खुर्ची रिकामी होती. तिच्यावर माझी शाल पडली होती. मी ती उचलून घेतली. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

३

मुखवटा नसतानाही कोणीतरी येत होतं. म्हणजे बिचारा मुखवटा निर्दोष होता. उरली घरातली माणसं, आणि मी एकेकाला गाठलं.

तनया स्वयंपाकघरात सापडली. मी विचारलं, “हा मुखवटा घेतलास कुठे?”

“ग्रेनाडाला. बोटीवरचे लोक धक्क्याजवळची ठरावीक दुकानं सांगतात, तिथे सगळं टुरिस्टी,” ती म्हणाली. “मला लोकल हवं होतं. म्हणून आम्ही आतल्या मार्केटला गेलो. एकजण म्हणाला, हा माझ्या आजोबांनी कोरलाय, हा घर राखतो.”

“आणि इथे एअरपोर्टवर कस्टम्सला लाकूड म्हणून डिक्लेअर केलास?”

ती उगाच ओटा पुसायला लागली. मी गप्प राहिले. गप्प राहिलं की माणसं बोलतात, हे माझ्या नोकरीचं सार.

“केला,” ती शेवटी म्हणाली. “तिथल्या बाईने त्याच्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, धिस इज नॉट वुड, लव्ह. रेझिन आहे. साच्यातून काढलेला. नचिकेतला सांगू नका हं. मी त्याला तासभर लोकल क्राफ्टवर लेक्चर दिलं होतं.”

मला हसू आवरेना. मग तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “मला त्यांना होममध्ये टाकायचं नाहीये, आंटी. लोक काय म्हणतील म्हणून नाही. त्यांनी मला सुनेसारखं कधी वागवलंच नाही. मी कामावरून आले की पहिलं त्यांचं मसाला दूध करते. मग माझा चहा. तेवढंच जमतं मला.”

नचिकेत बागेत उभा होता. बागेत करण्यासारखं काही नव्हतं, तरी उभा होता.

“बाबा गेल्यापासून तिला झोप नाही,” तो म्हणाला. “आता तर फारच. रोज झोपताना मी तिच्या कपाळाला लेप लावतो, मधातून चाटण देतो. मी लहान असताना ती मला द्यायची ना, तसंच. आता जास्त द्यावं लागतं, साध्याने भागत नाही. दिवसातली तेवढी दहा मिनिटं माझी आणि तिची.”

“बोलता काय दोघं?”

“काही नाही. ती दमलेली असते, मीही दमलेला असतो.”

विहानला पकडायला मला तो काम करतो त्या कॅफेत जावं लागलं. बरिस्ता आहे तो, कॉफी बनवतो. आजीचा विषय काढल्यावर कप पुसत बसला.

“आजीला सकाळी कॉफी मीच देतो, आंटी. शिफ्टला निघायच्या आधी. आजी स्पेशल. वरती ब्राऊन पावडर, भरपूर. शी लव्ज इट.”

“आणि मुखवटा?”

“वॉट अबाउट इट?”

“विहान, तुझी आजी शिडी चढत नाही. तुझी आई त्याची रोज धूळ झटकते, ती काढणार नाही. तुझा बाप त्या दिवशी ऑफिसात होता. घरात उरलं कोण?”

तो कानापर्यंत लाल झाला. “शी वॉज स्केअर्ड ऑफ इट, ओके? त्या दिवशी सकाळी मला म्हणाली, तो माझ्याकडे बघतो. म्हणून मी काढला. आय वॉज गोइंग टू ड्रॉप इट ॲट द ऑप शॉप, जुन्या वस्तूंच्या दुकानात. मॉमच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला, आणि कॅफेतून फोन आला की लवकर ये. मॉम त्या दिवशी ट्रेनने गेली होती. मीही ट्रेनने आलो. आय स्वेअर, मला माहीत नव्हतं आजी तिथे जाऊन बसेल.” त्याने हातातला कप खाली ठेवला. “इफ शी हॅड स्टार्टेड द कार…”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपोआपचा निकाल लागला होता. पण विश्रामरावांचा लागला नव्हता. त्यांना कोण आणत होतं?

४

मी थाप मारली. म्हटलं, माझा नवरा फॅबियन लेकीकडे ब्रिस्बेनला गेलाय, एकटीला घर खायला उठतं, पद्माताईंना चार दिवस पाठवा. फॅबियनला तसं खरंच पाठवून द्यावं लागलं. तो फूटीची, म्हणजे इथल्या फुटबॉलची, मॅच सोडून गेला म्हणून अजून कुरकुरतो.

पहिल्या संध्याकाळी पद्माताईंनी माझ्या पडद्यामागे कोणालातरी पाहिलं. दुसऱ्या दिवशी नजर दोनदा दाराकडे गेली आणि परत आली. तिसऱ्या दिवशी ओठ ओले झाले, चेहऱ्याची लाली उतरली, आणि संध्याकाळी त्यांनी मला रमीत सलग हरवलं. वर, माझ्या वरणाला चव नाही हे ऐकवलं. थालीपीठ थापताना फडकं कसं ओलं करायचं, तेही शिकवलं. ही माझी जुनी पद्माताई होती. ठाण्यात गणित शिकवणारी, कोणाचं चुकलं की भुवई उडवणारी.

एकच गोष्ट खटकली. जेवण झालं की त्यांचा हात पर्सकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

“बडीशेपेची डबी घरीच राहिली वाटतं,” त्या म्हणाल्या.

“माझ्याकडे आहे की बडीशेप.”

“नको. ती वेगळी.”

मी म्हटलं, असेल. म्हाताऱ्या माणसांची आपापली बडीशेप असते.

पाचव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. नचिकेत आईला टवटवीत पाहून इतका खूश झाला की म्हणाला, चेंज हवा होता तिला, बाकी काही नाही. आणि लगेच दुसऱ्या संध्याकाळी तनयाचा फोन आला. आई जिन्याखाली उभ्या राहून वर कोणाशीतरी बोलतायत.

मी धावत गेले. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकले. घरात वास होता, गोड, उबदार, थोडासा जड. गेले दोन महिने मी ह्या घरात हाच वास घेत होते आणि प्रत्येक वेळी मला उगाच नाताळ आठवत होता. जूनमध्ये नाताळ कशाला आठवावा, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. क्लेम तपासणारी म्हणे!

आमच्या वसईला नाताळचा फराळ करताना आई जायफळ स्वतःच्या हाताने घालायची. चिमूटभर, आणि डबा लगेच वर. कोणी जास्त घाल म्हटलं तर म्हणायची, पाहुण्यांना केक द्यायचाय की भूल?

मी तिघांनाही टेबलापाशी बोलावलं. म्हटलं, “तुम्ही पद्माताईंना रोज प्रेमाने जे काय देता, ते आणून इथे ठेवा. आत्ता. एकमेकांना न विचारता.”

५

तनयाने मसाल्याच्या कपाटातून काचेची बरणी आणली. नचिकेतने आईच्या उशाजवळच्या खणातून एक प्लास्टिकचा डबा. विहानने कॉफी मशीनच्या मागून एक टिन. तिन्हीची झाकणं मी उघडली. तिन्हींत तपकिरी पूड होती, आणि तिन्हींचा वास एकच.

“तुझ्याकडे पण आहे?” तनया नवऱ्याला म्हणाली.

“आईने एवढंच मागितलं होतं ना,” नचिकेत म्हणाला. “तुम्ही दोघं टोपल्या बघत होतात तेव्हा मी घेतलं. तिला सरप्राइज.”

“मी पण,” विहान म्हणाला. “शी सेड, ओन्ली नटमेग.”

“एका दिवसात किती जातं?” मी विचारलं.

तनयाच्या दुधात एक चमचा, सपाट. नचिकेतच्या चाटणात एक, आणि अलीकडे थोडं जास्त. विहानच्या कॉफीत त्याच्या शब्दांत ‘भरपूर’.

“ठाण्याला असताना कसं द्यायची तुझी आई?”

“सहाणेवर उगाळून,” नचिकेत म्हणाला. “दोन वेढे.”

“आणि सहाण कुठाय?”

सहाण ठाण्यालाच राहिली होती. दगडावर दोन वेढे दिले की बोटाला लागेल न लागेल इतकं जायफळ उतरतं. इथे त्यांनी अख्खी जायफळं कॉफीच्या ग्राइंडरमध्ये घातली आणि चमच्याने द्यायला लागले. घरचं आहे, बाळाच्या गुटीत असतं, त्याने काय होणार? डॉक्टरने औषधं विचारली तेव्हा कोणाच्या जिभेवर जायफळ आलं नाही, कारण आपल्या लेखी ते औषधच नाही.

मी विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. इतकं जायफळ पोटात गेलं तर माणसाला नाही ते दिसू शकतं, तो म्हणाला. तोंडाला कोरड पडते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते. लगेच नाही, काही तासांनी, आणि मग दिवसभर टिकतं. या वयात तर फार वाईट. आजच बंद करा आणि उद्या डॉक्टरला दाखवा.

“म्हणून संध्याकाळी,” तनया पुटपुटली.

“म्हणून संध्याकाळी. सकाळची कॉफी दिवस मावळताना बोलते. कालचं चाटण आणि दूध आधीच आत असतं. मग त्या घाबरतात, झोप उडते, आणि तुम्ही तिघंही काळजीने चमचा आणखी भरता. दुखणं आणि औषध एकच, आणि ते एकमेकांना वाढवत बसले.” मला वाईट वाटत होतं, पण बोलायचं ते बोलले. “मुखवटा तू अस्सल म्हणून आणलास तो नकली निघाला. अस्सल तेवढं जायफळ होतं, ताजं आणि जोरदार, आणि ते देताना कोणी दोनदा विचार केला नाही.”

मुखवटा नकली हे ऐकूनही नचिकेतने बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. “म्हणजे आम्हीच,” तो म्हणाला. “आम्हीच तिला वेडी ठरवून बाहेर काढायला निघालो होतो.” आणि तो मोठा, टक्कल पडलेला माणूस टेबलावर डोकं टेकून रडला.

बरण्या रिकाम्या केल्या. डॉक्टरने तपासलं, घरी नीट लक्ष ठेवायला सांगितलं, रोज फोन केला. नचिकेतने तीन दिवस घरून काम केलं आणि आईचं खाणंपिणं स्वतः बघितलं. मी निवांत झाले. गुरुवारी संध्याकाळी, स्पेशालिस्टच्या आदल्या दिवशी, सहज डोकवायला गेले.

पद्माताई खिडकीशी बसल्या होत्या. ओठ सुकलेले. गाल लाल. त्यांची नजर दारापासून निघाली, आणि खोली ओलांडत सावकाश माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन थांबली.

मग चौथं कोण होतं?

६

मी दार लोटून घेतलं. डोक्यात हिशेब जुळत होता. माझ्या घरी काही दिसेनासं झालं होतं. इथे तिघांनी द्यायचं थांबवलं तरी दिसत होतं. म्हणजे जे माझ्या घरी नव्हतं आणि इथे होतं, तेच.

“ताई,” मी म्हटलं, “जरा बडीशेप द्या. तोंड कडू झालंय.”

पद्माताईंनी मला आजवर कशाला नाही म्हटलं नव्हतं. ताटातला लाडू उचलून द्यायच्या त्या. आता त्यांचा हात मांडीवरच्या डबीवर गेला आणि तिथेच घट्ट झाला.

“संपली,” त्या म्हणाल्या.

मी हात पुढे करून तसाच ठेवला. बराच वेळ. शेवटी त्यांनी डबी माझ्या तळहातावर ठेवली. आत बडीशेप थोडी होती आणि जायफळाचे तुकडे जास्त.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“मी गणिताची मास्तरीण, जर्ट्रूड. दूध घेतलं की हे येतात, नाही घेतलं की येत नाहीत. एवढं मांडायला किती वेळ लागतो?” त्या खुर्चीकडेच बघत होत्या. “पहिल्यांदा फार घाबरले. तो काळा चेहरा मला अजून नको वाटतो. पण एकदा त्याच्यामागून ह्यांचा आवाज आला. मग भीती चालेल म्हटलं.”

“आणि होमला जायला नको म्हणून माझा हात धरलात तो?”

“तिथे डबी काढून घेतली असती. तिथे हे आले नसते.”

माझ्या अंगावर काटा आला. मुखवट्याने, रिकाम्या खुर्चीने आला नव्हता तेवढा. आणि मग रागही आला. मी म्हटलं, “गाडीची किल्ली फिरवली असती तर, पद्माताई? तनयाला तुम्ही कशा सापडला असतात?”

त्यांनी प्रथमच माझ्याकडे बघितलं. “मला मरायचं नव्हतं ग. कोणीतरी चल म्हणालं म्हणून नेसून तयार झाले. किती दिवसांत मला कोणी चल म्हटलं नव्हतं. इथे सगळे येता जाता मला काहीतरी देतात. वाटी देतात, कप देतात, कपाळाला लेप देतात, आणि घाईने जातात.”

बाहेर नचिकेतच्या मीटिंगचा आवाज येत होता. घरून काम म्हणजे घरात असणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना रडू दिलं. मीही रडले.

“उद्या डॉक्टरला हे तुम्ही सांगायचं,” मी म्हटलं. “मी सांगणार नाही. पण तुम्ही नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल.”

स्पेशालिस्ट बाई तरुण होती, दयाळू होती, आणि तिच्याकडे वेळ कमी होता. नचिकेत दाराजवळच्या खुर्चीवर हातात फोन घेऊन बसला. मी त्याच्या पलीकडे. पद्माताईंनी तिला स्वच्छ इंग्रजीत सगळं सांगितलं. जायफळ किती, कोणी, कधीपासून. मग डबीचंही सांगितलं, आणि डबी कशासाठी होती तेही. नचिकेतच्या हातातला फोन हळूहळू खाली आला. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

बाईने रिपोर्ट पाहिले, चित्रं दाखवली, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. पद्माताईंनी तिच्याच भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे हे तिला दाखवून दिलं. होमची गरज नाही, बाई म्हणाली. स्मरणशक्ती उत्तम आहे. थोडे दिवस जातील, अंगातून सगळं उतरेल, मग पुन्हा भेटू.

“आणि रात्रीपासून काही घेतलं नाहीत ना? आज कोणी दिसलं?”

“नाही, डॉक्टर,” पद्माताई म्हणाल्या. “आता कोणी येत नाही.”

“दॅट्स वंडरफुल, पद्मा!”

पद्माताईंनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरबाईला वाटलं, आनंदाने. तिने कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला.

नचिकेत उठला. फोन खुर्चीवरच राहिला. त्याने दुसरी खुर्ची ओढत आणली, आईच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसला, आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“आई,” तो म्हणाला, “बाबा यायचे तेव्हा काय बोलायचे ग?”

हा खरंच विचारतोय का ते त्यांनी त्याच्या चेहऱ्यावर पारखून बघितलं. मग सांगायला लागल्या. बाईने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाहेर पुढचा पेशंट थांबला होता. मी म्हटलं, थांबू दे.